नकाशा आणि पृथ्वी (भाग ७) : मॉस्को ते व्लादिवोस्तोक

गेल्या आठवड्यात अक्षांश-रेखांशांचे जाळे आपण समजून घेतले. आज ते एका खऱ्या प्रवासाला लावून पाहू. मॉस्को आणि पॅसिफिकच्या काठावरचे व्लादिवोस्तोक ही एकाच देशातली शहरे, पण त्यांच्यात रेखांशाचे ९४ अंश आहेत. गुजरातपासून अरुणाचलपर्यंतचा आपला अख्खा देश २९ अंशांत मावतो.

भिंतीवरच्या मर्केटर पद्धतीच्या नकाशावर पट्टी ठेवून ही दोन शहरे जोडा. रेघ कझाकस्तानात अस्तानाजवळून, मंगोलियात उलानबातरजवळून आणि पुढे ईशान्य चीनमधून जाईल. या रेघेवरून खरोखर प्रवास केला तर तो सुमारे ६,९०० किलोमीटरचा होईल. आता पृथ्वीगोल घ्या आणि याच दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो. मॉस्कोहून तो ईशान्येला चढतो, ओब नदीवरच्या सुरगुत शहराच्या आसपास ६१ उत्तर अक्षांश गाठतो, मग उतरत उतरत बैकाल सरोवराच्या उत्तर टोकाजवळून जातो आणि चीनचा ईशान्य कोपरा ओलांडून व्लादिवोस्तोकला पोहोचतो. ही वाट सुमारे ६,४०० किलोमीटरची. मॉस्को ५६ अक्षांशाच्या किंचित खाली, व्लादिवोस्तोक ४३ वर, आणि त्यांच्यातली सर्वांत जवळची वाट मात्र दोघांच्याही उत्तरेला!

कारण रेखांशांत आहे. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश १११ किलोमीटरचा असतो; ६० अक्षांशावर तो त्याच्या निम्मा, म्हणजे साडेपंचावन्न किलोमीटर उरतो. पूर्वेकडे जायचेच आहे तर जिथे अंश आखूड आहेत तिथून जाणे परवडते. मर्केटरने १५६९ मध्ये नकाशा केला तो खलाशांसाठी. होकायंत्राची एकच दिशा धरून चालणाऱ्या जहाजाची वाट त्यावर सरळ रेघ होते. तो गुण मिळवण्यासाठी त्याला उत्तरेकडचे प्रदेश ताणावे लागले, आणि म्हणूनच विमानाची सरळ वाट आपल्याला त्यावर कमानीसारखी दिसते. नकाशाला खोटे म्हणणे मला पटत नाही. तो ज्या कामासाठी केला ते काम तो आजही चोख करतो.

आता वेळ. ताशी ९०० किलोमीटरने ६,४०० किलोमीटर म्हणजे सात तासांहून थोडे अधिक. प्रत्यक्षात मॉस्कोहून जाताना आठ-साडेआठ तास लागतात, कारण धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली उतरणे आणि ठरलेले हवाई मार्ग पाळणे हे सगळे त्यात येते. परतीला नऊच्या आसपास, कारण वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात.

घड्याळ मात्र भलतेच सांगते. दोन्ही शहरांच्या वेळेत सात तासांचा फरक आहे. संध्याकाळी पाचला मॉस्को सोडणारा माणूस व्लादिवोस्तोकला दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास उतरतो. उलट, दुपारी एकला व्लादिवोस्तोक सोडणारा मॉस्कोत तीनला पोहोचतो. नऊ तासांच्या प्रवासात घड्याळ दोनच तास पुढे सरकते. ६० अक्षांशावर जमीन ताशी सुमारे ८३५ किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते, आणि पश्चिमेकडे निघालेल्या विमानाचा वेगही जवळपास तेवढाच. त्यामुळे मधल्या टप्प्यात खिडकीतला सूर्य जवळजवळ जागचा हलत नाही. मला या प्रवासातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

रेल्वेने हेच अंतर ९,२८८ किलोमीटर भरते आणि सहा-सात दिवस लागतात. रेल्वेने घड्याळाचा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला होता: सगळ्या गाड्या, सगळी तिकिटे, सगळी स्टेशने मॉस्कोच्या वेळेवर. व्लादिवोस्तोकच्या फलाटावर दुपारचे तीन वाजलेले असत आणि स्टेशनच्या घड्याळात सकाळचे आठ. १ ऑगस्ट २०१८ पासून तिकिटांवर स्थानिक वेळ छापली जाऊ लागली.