धडक मोहीम : पावसात बेट होणाऱ्या गावांसाठी

चाकणला एखाद्या कामगाराचं मूल रात्री तापाने फणफणलं, तर दवाखाना शोधावा लागत नाही. आजार वाढलाच तर पिंपरीत साडेसातशे खाटांचं वायसीएम रुग्णालय आहे. याउलट अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातल्या चिखलदरा तालुक्यात, हतरूच्या आसपास एकताई, सलिता, भांडुम, बिबा ही कोरकू आदिवासींची गावं आहेत. समुद्र तिथून शेकडो मैल दूर, पण जुलै लागला की ही गावं बेटं होतात. नाल्याला पूर आला की रस्ता बंद, आणि पूर ओसरेपर्यंत आजारी मूल घरातच.

मेळघाटात कुपोषणाने मुलं दगावतात, हे १९९३ पासून महाराष्ट्र वाचत होता. १९९७ साली पुण्यातली काही माणसं नुसतं वाचून थांबली नाहीत. त्यांनी ‘मैत्री’ ही संस्था उभी केली आणि पावसाळ्यात मेळघाटात स्वयंसेवकांच्या तुकड्या पाठवायला सुरुवात केली. हीच ‘धडक मोहीम’. हतरूजवळचं चिलाटी हा मुक्कामाचा तळ. एका तुकडीने साधारण दहा दिवस राहायचं, मग दुसरीने यायचं. तुकडीत डॉक्टर असतात, तसे विद्यार्थी, नोकरदार आणि निवृत्त माणसंही असतात.

पावसाळाच का? कारण घरातलं धान्य तेव्हा संपत आलेलं असतं आणि नवं पीक अजून शेतात उभं असतं. आई निंदणीला गेलेली, तान्हं मोठ्या बहिणीच्या कडेवर. पाणी गढूळ. आधीच अशक्त असलेल्या पोराला जुलाब, हिवताप किंवा न्यूमोनिया याच दिवसांत गाठतो.

काम घरोघरी चालतं, आणि मला या मोहिमेचं सगळ्यात जास्त मोल वाटतं ते इथेच. एक दिवसाच्या शिबिराला चालत येऊ शकणारे लोक येतात; ज्याला खरी गरज आहे ते बाळ झोपडीत पडून राहतं. मंडप, बॅनर आणि गोळ्यांची पाकिटं यांनी बालमृत्यू थांबत नाहीत. उंबऱ्यापर्यंत जावं लागतं, आणि चार दिवसांनी पुन्हा जावं लागतं.

न्यूमोनिया ओळखायला यंत्र लागत नाही. मूल शांत असताना, आईच्या मांडीवर, छातीवरचं कापड वर करून श्वास मोजायचे. पूर्ण एक मिनिट. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, कारण तान्ह्याचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतलं ५० किंवा अधिक, पाच वर्षांपर्यंतचं ४० किंवा अधिक श्वास घेत असेल, तर उपचाराला उशीर करायचा नाही. दंडाला मोजपट्टी लावायची. सहा महिन्यांवरच्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली भरला तर ते तीव्र कुपोषित. जुलाब असतील तर लिटरभर स्वच्छ पाण्यात ओआरएसचं पाकीट कालवून आईसमोर चमच्याचमच्याने पाजून दाखवायचं. हे कुणालाही शिकता येतं. खेड्यातल्या बायका प्रशिक्षणानंतर नवजात बाळं वाचवतात, हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९९ साली ‘लॅन्सेट’मधल्या निबंधात आकड्यांनिशी मांडलं होतं.

अवघड असतं ते विश्वास मिळवणं. आजारी मूल बऱ्याचदा आधी भूमकाकडे, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूकडे, नेलं जातं. पोट फुगलं म्हणून तापल्या विळ्याचे चटकेही दिले जातात. ते व्रण पाहून शहरातल्या माणसाचा संताप होतो. पण रागावलं की दार बंद होतं, आणि मग पुढचं मूल दाखवायला कुणी आणत नाही.

मेळघाटात कायमचं बस्तान ठोकून काम करणारेही आहेत. बैरागडचे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे, धारणीजवळ डॉ. आशिष सातव यांचं ‘महान’. दहा दिवसांचा स्वयंसेवक यांची जागा घेऊ शकत नाही आणि सरकारी आरोग्य केंद्राचीही नाही. पण एकामागून एक तुकड्या येत राहिल्या, तर सगळ्यात वाईट महिन्यांत गावाकडे कुणाचं तरी सतत लक्ष राहतं.

या कामाशी पिंपरी-चिंचवड-चाकणच्या आपल्या औद्योगिक पट्ट्याचा संबंध काय? २०१४ साली राज्यात ९३७ गाड्यांची १०८ रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, ती तेव्हा चालवायला घेणारी बीव्हीजी कंपनी चिंचवडची. पण गाडीला रस्ता लागतो आणि फोनला रेंज; म्हणून तिथे माणसांनाच जावं लागतं. कायद्याने पाचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात ॲम्ब्युलन्स रूम ठेवावी लागते. म्हणजे भोसरीपासून चाकणपर्यंत कंपनी डॉक्टर, नर्स आणि प्रथमोपचार शिकलेले कामगार भरपूर आहेत. सीएसआरचा पैसाही इथे आहे. कमी आहेत ती जुलै-ऑगस्टमध्ये दहा दिवस चिखल तुडवायला तयार असलेली माणसं. कंपन्यांनी त्यासाठी भरपगारी रजा द्यावी. आणि ज्यांना जायचं आहे त्यांनी उन्हाळ्यातच ‘मैत्री’शी बोलावं, श्वास मोजायला शिकून घ्यावं आणि रजेचा अर्ज टाकावा.