नभोवाणीची विद्या आणि श्रोत्याचा अभ्यास

भारतात नभोवाणीचा आणि विद्यापीठाचा ऋणानुबंध जुना आहे. १९३५ साली म्हैसूरच्या महाराजा महाविद्यालयात मानसशास्त्र शिकविणारे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरी एक लहानसे प्रक्षेपण केंद्र उभारले. हे केंद्र ‘आकाशवाणी’ या नावाने ओळखले जाऊ लागले, आणि पुढे १९५७ साली राष्ट्रीय नभोवाणीनेही तेच नाव स्वीकारले. हे काम हाती घेणारा गृहस्थ मनुष्याच्या मनाचा अभ्यासक होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

प्रक्षेपणाची विद्या शिकविण्याची व्यवस्थित सोय मात्र देशात पुष्कळ उशिरा झाली. दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ साली निघाली. दूरचित्रवाणीचे प्रशिक्षण १९७४ साली दिल्लीहून पुण्याच्या चित्रपट संस्थेत आले. जामिया मिल्लिया इस्लामियामध्ये जनसंज्ञापनाचे केंद्र १९८२ साली सुरू झाले. आज अनेक विद्यापीठांत हा विषय पदवीसाठी व पदव्युत्तर पदवीसाठी शिकविला जातो आणि त्याला अंकीय, म्हणजे डिजिटल, संज्ञापनाची जोड मिळालेली आहे. अशा अभ्यासक्रमाची स्थूलमानाने तीन अंगे सांगता येतील: यंत्र, वाणी आणि श्रोता.

यंत्राचे अंग प्रथमदर्शनी सर्वांत आकर्षक वाटते. ध्वनी ही मूलतः अखंड लहर असते. अंकीय पद्धतीत त्या लहरीची उंची ठरावीक अंतराने मोजून तिचे आकड्यांत रूपांतर करतात. मनुष्याच्या कानाला सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. तो पुन्हा यथातथ्य उभा करावयाचा, तर निदान त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप घ्यावे लागते. म्हणून ध्वनिमुद्रणाच्या तबकडीवर, म्हणजे सीडीवर, दर सेकंदास ४४,१०० मोजमापे नोंदविलेली असतात. एकदा ध्वनीचे आकडे झाले, की शब्द, चित्र आणि गाणे एकाच वाटेने प्रवास करू शकतात. हे तत्त्व ज्या विद्यार्थ्याला उमगले, त्याला नवे यंत्र आले तरी अडत नाही. ज्याने केवळ कळा दाबण्याचा क्रम पाठ केला, त्याचे ज्ञान मात्र यंत्राबरोबरच जुने होते. फितीचे तुकडे जोडून संपादन करण्याचे कसब संगणकाने असेच मागे टाकले.

दुसरे अंग वाणीचे. वाचकाला पान उलटून मागे जाता येते. चालू प्रक्षेपण ऐकणाऱ्याला ती सवलत नसते. कर्ता वाक्याच्या आरंभी आणि क्रियापद पाच ओळींनंतर, अशी रचना छापील ग्रंथात खपून जाते. कानाला ती पेलत नाही. २३,८७,४१६ हा आकडा कागदावर सहज वाचता येतो. नभोवाणीवर ‘सुमारे चोवीस लाख’ असेच म्हणावे लागते. ऐकणाऱ्यासाठी लिहिणे ही अशी स्वतंत्र शिस्त आहे, आणि ती सरावाखेरीज साधत नाही.

तिसरे अंग श्रोत्याचे. अभ्यासक्रमात त्याला बहुधा सर्वांत कमी तास मिळतात. वस्तुतः उरलेल्या दोन्ही अंगांना अर्थ येतो तो त्याच्यामुळे. या दृष्टीने पुण्याच्या आकाशवाणी केंद्राने १९५६ साली युनेस्कोच्या साह्याने केलेला प्रयोग अभ्यसनीय आहे. तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांत सुमारे १५० खेड्यांतून श्रोतृमंडळे स्थापन झाली. गावकरी एकत्र बसून शेतीविषयक कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत, आणि त्यांच्या शंका केंद्राकडे परत जात. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. मंडळे असलेली गावे, रेडिओ असून मंडळ नसलेली गावे आणि रेडिओही नसलेली गावे यांची तिने तुलना केली. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडली. नुसता रेडिओ असून तेवढे घडले नाही. ऐकण्याला बोलण्याची जोड मिळाली, तेव्हाच ज्ञान रुजले. १९७५-७६ साली एटीएस-६ या अमेरिकन उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली, तेव्हाही तंत्रज्ञांच्या जोडीला समाजशास्त्रज्ञ गावोगाव मुक्काम करून होते.

अंकीय संज्ञापनाने या अभ्यासाची गरज अधिकच तीव्र केली आहे. पूर्वी बोलणारे थोडे आणि ऐकणारे पुष्कळ होते. आज भ्रमणध्वनी बाळगणारा प्रत्येक जण प्रक्षेपकही झाला आहे. मजकूर तपासणारा संपादक मात्र प्रत्येकाच्या शेजारी बसलेला नाही. मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवा भ्रमणध्वनीवरून पसरल्या, आणि १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. त्या निरोपांचा प्रवास तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होता. त्यांत एकही अक्षर गळले नव्हते. निरोप सुस्पष्ट पोहोचणे आणि तो सत्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे याहून कठोरपणे सांगणारे उदाहरण सापडणे कठीण. म्हणून वार्तेची शहानिशा, अफवेची उत्पत्ती आणि ऐकणाऱ्याच्या भयाचे व विश्वासाचे स्वरूप हे विषय अभ्यासक्रमाच्या गाभ्यातच असावयास हवेत. किती जणांनी कळ दाबली, हे यंत्र क्षणार्धात सांगते. त्यांना काय समजले, हे ते सांगत नाही.

ही समज वर्गात बसून पुरती येत नाही. सुदैवाने त्यासाठी प्रयोगशाळा उपलब्ध आहे. २००२ साली शासनाने शिक्षणसंस्थांना सामुदायिक नभोवाणीची वाट मोकळी केली, आणि २००४ साली चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. पुणे विद्यापीठाचे ‘विद्यावाणी’ हे त्याच परंपरेतले. अशा केंद्राचा आवाज काही किलोमीटरांपलीकडे जात नाही, आणि शिक्षणाच्या दृष्टीने हाच त्याचा मोठा गुण होय. कालच्या कार्यक्रमात लसीकरणाविषयी जे सांगितले, ते शेजारच्या वस्तीतील आईला कळले की नाही, हे विद्यार्थ्याला आज पायी जाऊन विचारता येते. नाही कळले, तर तोच मजकूर त्याला पुन्हा लिहावा लागतो, पुन्हा सांगावा लागतो. पदवी हाती पडण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याकडून एवढा परिपाठ घडला, तर विद्यापीठाने आपले काम केले असे म्हणता येईल.