बुटकी मोटार आणि गतिरोधक

रत्नागिरी-नागपूर महामार्ग सोडून कवठे महांकाळच्या अंतर्गत रस्त्याला लागणाऱ्या, स्प्रिंगा आखूड करून बुटकी केलेल्या मोटारीला खरे भय असते ते गतिरोधकाचे. इंडियन रोड्स काँग्रेसने सुचविलेला गतिरोधक ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असतो, आणि इतक्या दीर्घ उंचवट्यावर पुढची-मागची चाके बहुधा एकाच वेळी मावत असल्यामुळे मोटारीचे पोट सहसा घासत नाही. परंतु जेथे तो अरुंद व उभट असतो, तेथे पुढची चाके उतरून मागची चढण्यापूर्वीच पोट माथ्यावर टेकते, आणि चेंबर फुटून तेल वाहून गेले तर इंजिनाचाच घात होतो. अशा वेळी मोटार तिरकी घालून एकेक चाक क्रमाने चढवावे, आणि ब्रेक उंचवट्यापूर्वीच सोडावा, कारण ब्रेक दाबलेला असताना मोटारीचे नाक खाली झुकते.

बंपर पुढच्या चाकांपासून ९० सेंटिमीटर पुढे व जमिनीपासून १० सेंटिमीटर वर असेल, तर नऊस एक याहून तीव्र चढ त्याला लागणारच. म्हणून घराच्या फाटकापुढील उतार लांबवून घ्यावा. जमिनीपासूनचे अंतर मोजावे ते माणसे बसवून आणि डिकीत द्राक्षांच्या पेट्या ठेवून. रिकाम्या मोटारीचे माप फसवे असते.

मुळात, नोंदणी दाखल्यातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये मनाई आहे. तेव्हा स्प्रिंगांना हात लावण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे इष्ट.