सुटे भाग रोखा, क्षेपणास्त्र रखडेल

डिसेंबर २००२ मध्ये स्पेनच्या नौदलाने अरबी समुद्रात ‘सो सान’ नावाचे जहाज अडवले. कागदोपत्री माल सिमेंटचा होता. पोती उपसल्यावर खाली उत्तर कोरियाची १५ स्कड क्षेपणास्त्रे निघाली. ती येमेनने रीतसर विकत घेतली होती आणि असा व्यवहार बेकायदा ठरवणारा आंतरराष्ट्रीय कायदाच नव्हता. जहाज सोडून द्यावे लागले. क्षेपणास्त्रप्रसार रोखणे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांच्या हाती यामुळे आयता दाखला मिळाला. मला मात्र तो निष्कर्ष घाईचा वाटतो.

सात औद्योगिक राष्ट्रांनी १९८७ मध्ये क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्था उभी केली. तो करार नाही, नुसता समझोता आहे: ५०० किलो भार ३०० किलोमीटरवर नेणारी यंत्रणा शक्यतो कोणाला द्यायची नाही आणि गायरोस्कोप, मॅरेजिंग पोलाद, अमोनियम परक्लोरेट अशा वस्तूंची निर्यात तपासून करायची. खरी मेख या दुसऱ्या भागात आहे. इराकने स्कडमधले इंधन वाढवून आणि स्फोटकाचे वजन घटवून पल्ला दुप्पट, सुमारे ६५० किलोमीटर केला. पण १९९१ च्या युद्धात त्यांतली बरीच क्षेपणास्त्रे वातावरणात परतताना तुटली. पल्ला वाढवण्यापुरती जोडाजोड कारखान्यात जमते. तो वेग आणि ती उष्णता सोसणारा सांगाडा, अचूक मार्गदर्शन, हे सहजी जमत नाही. अर्जेंटिना, इजिप्त आणि इराक यांचा ‘काँडोर-२’ क्षेपणास्त्र प्रकल्प तर पाश्चात्त्य सुटे भाग आणि तज्ज्ञ यांची वाट अडल्यावर गुंडाळावाच लागला.

या व्यवस्थेचा जाच विज्ञानाला होतो, हा आक्षेप भारताला तरी खोडता येणार नाही. रशियाकडून क्रायोजेनिक (अतिशीत इंधनावर चालणाऱ्या) इंजिनाचे तंत्रज्ञान घेण्याच्या करारावरून अमेरिकेने १९९२ मध्ये इस्रोवर निर्बंध लादले. वास्तविक या इंजिनात लागणारा उणे २५३ अंशांचा द्रव हायड्रोजन उड्डाणाच्या तोंडावरच भरावा लागतो. सदैव सज्ज राहायच्या क्षेपणास्त्राला तो कुचकामी. स्वदेशी इंजिन जानेवारी २०१४ मध्ये यशस्वी झाले, पण मधली वर्षे गेली ती गेलीच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उत्तर कोरिया या व्यवस्थेबाहेर आहे. त्याच्या नोडाँग क्षेपणास्त्रावरूनच पाकिस्तानचे घौरी आणि इराणचे शहाब-३ घडले. पण यातून सिद्ध होते ते एवढेच, की कुंपणाला भगदाड आहे. भगदाड पडले म्हणून कोणी उरलेले कुंपण उपटत नाही.

भारत २०१६ पासून या व्यवस्थेचा सदस्य आहे आणि तिथले निर्णय सर्वसहमतीने होतात. निर्बंधांची झळ सोसलेल्या देशाने आता उपग्रहवाहकांना न्याय देणाऱ्या, पण विक्रीला कायद्याने बांधणाऱ्या कराराचा आग्रह तिथे धरायला हवा.