मुक्कामाचे गाव, किल्लीचे घड्याळ आणि कॉफी

परगावी मुक्काम पडला, सामान खोलीत ठेवून हातपाय धुतले, की खाली जाऊन तेथल्या माणसाला मी दोनच गोष्टी विचारतो: गावात घड्याळे दुरुस्त करणारा जुना कारागीर कोठे बसतो, आणि चांगली कॉफी कोठे मिळते. गेल्या वीस-बावीस वर्षांत हा क्रम चुकलेला नाही. देवळे, किल्ले आणि वस्तुसंग्रहालये यांच्यासाठी मी वेळ राखून ठेवतोच. परंतु गावाची ओळख मला या दोन ठिकाणी जशी पटते तशी अन्यत्र पटत नाही, कारण दोन्हीकडे माणसे बसलेली असतात, आणि बसलेला माणूस परक्याशीही मोकळेपणाने बोलतो.

माझ्यापाशी आजमितीस एकेचाळीस मनगटी घड्याळे आहेत आणि ती बहुतेक सारी एचएमटीची, रोज किल्ली द्यावी लागणारी. लाखो रुपयांच्या स्विस घड्याळांचा संग्रह करणाऱ्यांच्या रसिकतेविषयी मला आदर आहे. परंतु ज्या वस्तूने आपल्याच देशातील शिक्षकांच्या, कारकुनांच्या, फौजदारांच्या आणि गिरणी कामगारांच्या मनगटांवर आयुष्ये काढली, ती वस्तू तळहातावर घेताना जे समाधान लाभते ते मला अधिक मोलाचे वाटते. पूर्वी घड्याळ ही समुद्रापलीकडून येणारी चीज होती. फाव्र-ल्यूबाच्या घड्याळांचा मुंबईशी संबंध १८६५ पासूनचा. वेस्ट एंड वॉच कंपनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईतच सुरू झाली, आणि तिच्या एका नामांकित घड्याळाचे ‘सोवार’ हे नाव म्हणजे आपल्या घोडेस्वारातला ‘स्वार’च होय. यंत्रे घडवणारी यंत्रे तयार करण्यासाठी बंगळुरात १९५३ साली उभ्या राहिलेल्या हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी, या सरकारी कारखान्याने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने मनगटी घड्याळे करावयास घेतली, आणि परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मुलाला, लग्नातल्या जावयाला, सेवानिवृत्त होणाऱ्या हेडक्लार्कला द्यावयाची भेट देशातच तयार होऊ लागली. जनता, पायलट, जवान, तरुण, सोना, कोहिनूर, कांचन ही त्या घड्याळांची नावे नुसती ओळीने उच्चारली तरी तो काळ डोळ्यांपुढे उभा राहतो. अंधांसाठीही या कारखान्याने घड्याळ केले होते. त्याची काच झाकणासारखी उघडून बोटांनी काटे चाचपता येत. पुढे श्रीनगर, तुमकूर आणि राणीबाग येथेही कारखाने निघाले. बॅटरीवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळे घरोघरी पोहोचल्यावर किल्लीच्या घड्याळांचा व्यवहार आटत गेला, आणि २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने घड्याळांची ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. त्या बातमीनंतर कपाटाच्या तळाशी पडलेली कितीतरी घड्याळे पुन्हा मनगटावर आली.

अशा घड्याळाचा अंतर्भाग एकदा तरी पाहावा. कारागीर भिंग डोळ्याला लावून मागचे झाकण काढतो आणि आपल्यालाही वाकून बघू देतो, तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढ्या त्या जागेत जी सृष्टी दिसते तिचा विसर पडत नाही. किल्ली फिरवली की डबीतली पोलादी स्प्रिंग आवळली जाते. ती उलगडताना दातेरी चक्रांच्या रांगेला गती देते. आणि ती गती एकदम वाहून जाऊ नये म्हणून तिला ठोक्याठोक्याने अडवून सोडणारे चाक, म्हणजे बॅलन्स, केसाएवढ्या बारीक स्प्रिंगच्या आधाराने मागेपुढे झुलत राहते. जनता किंवा पायलट यांसारख्या घड्याळात हे ठोके सेकंदाला पाच, तासाला १८,००० आणि दिवसाला ४,३२,००० पडतात. हजारात एक ठोका चुकला तरी दिवसाकाठी घड्याळ जवळजवळ दीड मिनिट पुढे किंवा मागे जाते. हे ध्यानात घेतले म्हणजे दिवसाला अर्धा मिनिट चुकणाऱ्या जुन्या घड्याळाला दोष देण्याऐवजी त्याच्यापुढे हात जोडावेसे वाटतात. डायलवर ‘१७ ज्वेल्स’ असा जो मजकूर असतो तो दागिन्यांचा नव्हे. चक्रांच्या आसांची टोके आणि इतर घासणारे भाग झिजू नयेत म्हणून बसवलेल्या कृत्रिम माणकांची ती संख्या होय.

प्रवासात या यंत्राचा स्वभाव अधिक कळतो. रात्री घड्याळ उताणे ठेवले, कडेवर ठेवले, किल्ली वर ठेवली की खाली, यावरून त्याची चाल किंचित बदलते. त्यामुळे दिवसभरात पुढे गेलेले घड्याळ योग्य कुशीवर निजवले तर सकाळपर्यंत तो फरक पुष्कळसा भरून निघतो. माझ्या वहीत प्रत्येक घड्याळाच्या नावाने एक पान आहे. कोणत्या गावी, कोणत्या स्थितीत ठेवले असता ते किती सेकंद चुकले याचा जमाखर्च त्यात लिहिलेला असतो, आणि ती नोंद मी बहुधा कॉफीच्या टेबलावरच करतो.

खरेदीच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या पुण्याच्या जुन्या बाजारात एका विक्रेत्याकडून मी काळ्या डायलचे एक देखणे पायलट घेतले. काच लख्ख, अक्षरे पांढरीशुभ्र, काटे टवटवीत. महिन्याभराने मिरजेला मुक्काम असताना तेथल्या एका वृद्ध कारागिरापुढे मी ते ठेवले. त्यांनी भिंग लावले, डायल उजेडाकडे तिरपी धरली आणि शांतपणे म्हणाले, “साहेब, यंत्र एचएमटीचंच आहे, पण तोंड नवीन रंगवलंय.” मग त्यांनी मला दाखवले: मिनिटांच्या रेघा मूळ छपाईत सुईच्या टोकासारख्या स्वच्छ असतात, येथे त्या कडेला फुटल्या होत्या; काठावरची बारीक अक्षरे आणि संकेतांक गळले होते; यंत्राच्या स्क्रूंच्या खाचा वारंवार उघडझाप झाल्याने चावल्यासारख्या दिसत होत्या. जुने यंत्र, रंगवलेली डायल आणि दुसऱ्याच घड्याळाची केस जुळवून तयार केलेल्या अशा घड्याळांना संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि ती देशोदेशी विकली जातात. आपल्या शहराचे नाव अशा मामल्याला चिकटावे याचे मला मनापासून दुःख होते. त्यामुळे नवख्या माणसाला मी नेहमी हेच सांगतो, की पिवळट पडलेली, एखादा ओरखडा असलेली, परंतु मूळची डायल चकचकीत डायलपेक्षा शतपटीने चांगली. आणि घड्याळ विकत घेण्यापूर्वी त्याचे झाकण उघडून दाखवण्याची विनंती करण्यात कसलाही संकोच बाळगू नये.

कॉफीची गोष्ट याहून जुनी. बाबा बुडन नावाच्या सुफी सत्पुरुषाने सतराव्या शतकात यात्रेहून परतताना येमेनमधून सात बिया आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरावर पेरल्या, असे परंपरा सांगते. आज तो डोंगर त्याच्याच नावाने ओळखला जातो आणि दत्तभक्तही तेथे श्रद्धेने जातात. देशातील सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते. आम्हां मराठी लोकांच्या घरी चहाचे राज्य. कॉफी यायची ती दुधात उकळलेली, जायफळ-वेलदोड्याचा वास असलेली, आणि तीही पाहुण्यांसाठी किंवा रात्री जागून अभ्यास करणाऱ्या मुलांसाठी. त्या चवीवर वाढलेल्या माणसाला बंगळुराची कॉफी पहिल्या घोटाला कडवट लागते आणि तिसऱ्या दिवशी तिच्यावाचून सकाळ सुरू होत नाही. दुमजली भांड्याच्या वरच्या कप्प्यात पूड दाबून तिच्यावर कढत पाणी ओतायचे, आणि बारीक छिद्रांतून काळाभोर अर्क थेंबाथेंबाने खाली उतरेपर्यंत स्वस्थ बसायचे. या अर्काला तिकडे डिकॉक्शन म्हणतात, आणि त्याची घाई केली तर तो पाणचट होतो. मग त्यात गरम दूध मिसळून पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात उंचावरून ओतले, की फेस येतो आणि कॉफी ओठांना सोसेल इतकी निवते. दोघांनी एकच कॉफी अर्धीअर्धी घ्यायची असेल तर ‘बाय टू’ एवढे म्हणावे; त्यात कोणाला काही उणे वाटत नाही.

किल्लीचे घड्याळ आणि कॉफीगृह यांना मी एकत्र आणतो ते केवळ माझ्या आवडीखातर नव्हे. देशात घडलेले घड्याळ आणि कामगारांच्या मालकीचे कॉफीगृह ही दोन्ही जवळजवळ एकाच काळाची, एकाच भावनेची अपत्ये आहेत. कॉफीचा खप वाढावा म्हणून सरकारी व्यवस्थेतून १९३६ साली मुंबईत चर्चगेट येथे पहिले इंडिया कॉफी हाउस उघडले. पुढे गावोगावी अशी गृहे निघाली, आणि १९५० नंतरच्या दशकात कॉफी बोर्डाने ती बंद करून नोकरवर्गाला घरी पाठवण्याचे ठरवले. तेव्हा कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी स्वतःच्या सहकारी संस्था काढल्या: १९५७ मध्ये बंगळुरात, त्याच वर्षअखेरीस दिल्लीत, १९५८ मध्ये त्रिशूरला. म्हणजे ज्या चार-पाच वर्षांत सरकारी कारखाना सामान्य माणसाच्या मनगटाची चिंता करू लागला, त्याच वर्षांत वाढपी आणि आचारी आपल्या हॉटेलांचे मालक झाले. कलकत्त्याच्या कॉलेज स्ट्रीटवर १९४२ पासून अल्बर्ट हॉलमध्ये असलेल्या कॉफी हाउसात उंच छताखालचा कल्लोळ ऐकत मी तासन्‌तास बसलो आहे. बंगळुराचे कॉफी हाउस २००९ मध्ये महात्मा गांधी रस्त्यावरची जुनी जागा सोडून चर्च स्ट्रीटवर गेले, तरी पांढरा पोशाख आणि तुऱ्याची पगडी घातलेले वाढपी तेच आहेत. जालहळ्ळीतल्या एचएमटीच्या संग्रहालयात सकाळ घालवून दुपारी तेथे येऊन बसावे, असा माझा प्रवाशांना आग्रह असतो.

परंतु या सर्वांत माझ्या मनात घर करून राहिले आहे ते तिरुवनंतपुरमच्या तंपानूर स्टेशनाजवळचे. लॉरी बेकर या वास्तुशिल्पज्ञाने ते बांधले. विटांचा तो शंखासारखा वळत वर जाणारा मनोरा आहे, आत जिना नाही, मजले नाहीत, केवळ एकच चढण गोल फिरत राहते आणि तिच्या कडेने भिंतीतच बांधून काढलेली बाके व टेबले लागतात. विटांच्या जाळीतून येणारे उन्हाचे चौकोन टेबलावरून हळूहळू सरकत असतात. तेथे मी बीटरूट घातलेला मसाला डोसा मागवला आणि कॉफी येईपर्यंत घड्याळाला किल्ली देऊ लागलो. मनगटावर त्या दिवशी देवनागरी अंकांचे जनता होते. बशी ठेवताना वाढप्याची दृष्टी त्यावर पडली. केस पिकलेला, बहुधा निवृत्तीला आलेला माणूस. त्याने अदबीने माझा हात किंचित वळवून डायल उजेडात धरली, ‘जनता’ असा एकच शब्द उच्चारला आणि स्वतःची पांढरी बाही मागे सारली. तेथेही जनताच होते. अंक इंग्रजी, काच धुरकट, पट्टा दोरीने शिवलेला. दोन्ही मनगटे आम्ही शेजारी धरली. त्याचे घड्याळ दोन मिनिटे मागे होते. त्याने नखाने किल्ली ओढली, काटा पुढे घेतला, किल्ली आत दाबली, घड्याळ कानाशी नेऊन क्षणभर ऐकले, आणि माझी कॉफी आणावयास तो उतरणीने खाली गेला.