संगणकातला निजाम



गेल्या महिन्यात आठवीचा तास संपल्यावर एक मुलगा मागे थांबला. "सर, निजाम तहाला तयारच होत नाही," म्हणाला. मी दचकलोच. मग उलगडा झाला. स्वारी घरी संगणकावर मराठ्यांच्या बाजूने खेळते. शत्रूचा निम्मा मुलूख घेऊन झाला, तरी संगणकाचा निजाम प्रत्येक प्रस्ताव परत पाठवतो. (अभ्यास सोडून हेच चालते, ही त्याच्या आईची तक्रार माझ्याकडे आधीच पोहोचली होती, ती गोष्ट वेगळी.) मी त्याच्याकडून खेळ समजून घेतला.

खेळाचे नाव 'युरोपा युनिव्हर्सॅलिस ४'. स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीने तो २०१३ साली काढला. त्यात १४४४ ते १८२१ हा काळ आहे आणि मराठे व हैदराबाद ही दोन्ही राज्ये आहेत. समोरचा राजा माणूस नाही, त्यामुळे त्याला राग येत नाही की दया येत नाही. तो फक्त बेरीज करतो. लढाया जिंकल्या, किल्ले घेतले की आपल्या खात्यात गुण जमतात, जास्तीत जास्त शंभर. तहात मागितलेल्या प्रत्येक प्रांताची, प्रत्येक रकमेची किंमतही गुणांतच असते. आमच्या विद्यार्थ्याचे गुण चाळीसच्या घरात आणि मागण्या सत्तरच्या. निजाम नाही म्हणणार नाही तर काय करणार! गंमत म्हणजे हा नकार का, ते खेळ लपवत नाही. प्रस्तावाजवळ अधिक-उणे अशी कारणांची यादीच दिसते. मुले ती वाचत नाहीत, सरळ 'पाठवा' दाबतात.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातले. तिथे तहाला 'संधि' म्हणतात, रोजच्या मराठीत संधी म्हणजे मोका. इथे दोन्ही अर्थ जुळतात. शत्रूचे सैन्य पुन्हा उभे राहिले किंवा एखादा मित्र त्याच्या मदतीला आला की जमलेले गुण उतरू लागतात. आणि एकाच तहात फार मुलूख गिळला तर आजूबाजूचे राजे घाबरून आपल्याविरुद्ध एक होतात. ती भीती ओसरायला खेळातली बरीच वर्षे जावी लागतात.

आता खरा निजाम पाहा. दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा मराठ्यांना १७१९ साली दिल्लीहून मिळाल्या होत्या. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे दहावा. पण शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी असे दोन हक्कदार आहेत, पैसे कोणाला द्यायचे ते आधी ठरू द्या, असे म्हणून निजाम-उल-मुल्काने देणे अडवले. संगणकाला असा बहाणा कधी सुचायचा नाही! फेब्रुवारी १७२८ मध्ये पहिल्या बाजीरावाने पालखेडजवळ त्याच्या फौजेचे पाणी आणि रसद तोडली. राजधानी घेतली नाही, मोठी लढाईही केली नाही. ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला. बाजीरावाने त्यात निजामाचे राज्य मागितले नाही. शाहूंचा हक्क मान्य करा आणि संभाजींची बाजू सोडा, हे मुख्य.

मी हे सांगितल्यावर मुलगा म्हणाला, "एवढेच मागितले?" मला हा प्रश्न फार आवडला. वर्गात त्यावर एक अख्खा तास गेला.

खर्ड्याला मात्र भरपूर मागितले गेले. मार्च १७९५ मध्ये निजाम अलीखान खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडला गेला. तीन कोटी रुपये, दौलताबाद, आणखी मुलूख, शिवाय त्याचा दिवाण मुशीर-उल-मुल्क पुणेकरांच्या हवाली. खेळाच्या भाषेत शंभरापैकी शंभर. पुढे ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव वारले, पुण्यात गादीचा वाद पेटला आणि नाना फडणवीसांनाच निजामाच्या मदतीची गरज पडली. ओलीस म्हणून आणलेला दिवाण आता बोलणी करू लागला! १७९६ च्या महाडच्या तहात मुलूख परत करण्याचे कबूल झाले, दिवाण सुटून हैदराबादेस आला. १७९८ मध्ये निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला. शत्रूच्या घरातला कैदीच वकील होतो, असे बटण या खेळात मला तरी दिसले नाही.

बोलणी करणारे यंत्रही आता झाले आहे. 'डिप्लोमसी' हा १९५९ सालचा पटावरचा खेळ आहे, त्यात सगळे डाव बोलण्यावर चालतात. २०२२ साली मेटा कंपनीच्या 'सिसेरो' या प्रणालीने तो माणसांबरोबर इंटरनेटवर ४० डाव खेळला, समोरच्यांशी इंग्रजीत लिहून बोलणी केली आणि एकाहून जास्त डाव खेळलेल्यांत वरच्या दहा टक्क्यांत आली. गोविंदराव काळे हे पेशव्यांचे वकील निजामाच्या दरबारात राहून पुण्याला पत्रे लिहीत. त्यांच्यासमोर हे यंत्र कितपत टिकले असते, हे मुलांनी ठरवावे.

आमच्या विद्यार्थ्याने शेवटी मागण्या कमी केल्या. दोन प्रांत आणि थोडी रक्कम. निजामाने लगेच मान्य केले. दुसऱ्या दिवशी त्याने विचारले, "सर, आपल्या घरचे लोक तेव्हा कोणत्या बाजूला होते?" त्याचे घर आणि माझे घर, दोन्ही याच शहरातली. मला उत्तर देता आले नाही. ज्या पालकांकडे जुने कागद, मोडीतली पत्रे किंवा आजोबांकडून ऐकलेली हकीकत असेल त्यांनी कार्यालयात कळवावे. खर्ड्याला निजामाच्या बाजूने लढलेल्या फ्रेंच सेनानी रेमंडची कबर मलकपेटजवळ आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवी-नववीला तिथे न्यायचे ठरवले आहे. मुलांसोबत डबा आणि पाणी द्यावे.