अल्बम चिकटलाय? आधी हात मागे घ्या!

चाळ रीडेव्हलपमेंटला गेली की सगळ्यात शेवटी रिकामा होतो तो माळा. गिरगाव असो, परळ असो नाहीतर लालबाग... पितळेची घंगाळं, कुणाच्या तरी लग्नात आलेला डिनर सेट, जुनी कॅलेंडरं आणि या सगळ्याखाली दबलेला, रेक्झिनच्या कव्हरचा एक जाडजूड अल्बम. आजोबांचं कॉइन कलेक्शन! रूमची चावी दोन दिवसांत द्यायचीय, टेम्पोवाल्याचे फोन चालू आहेत, आणि तुम्ही कौतुकाने अल्बम उघडायला जाता तर पानं उघडतच नाहीत. उघडलीच तर नाणी कप्प्यातून हलत नाहीत. बोटांना काहीतरी तेलकट लागतं आणि नाण्यांवर हिरवट, बुळबुळीत थर दिसतो.

इथे घरात लगेच दोन पार्ट्या पडतात. आई म्हणते, "चिंच लाव रे, लख्ख होईल." धाकटा भाऊ म्हणतो, "ओढ ना जोरात, प्लॅस्टिकच तर आहे!" दोघांवर प्रेम करा, पण दोघांचंही ऐकू नका.

मुळात हे होतं का? स्वस्त अल्बमची मऊ, लवचिक पानं बहुतेक वेळा पीव्हीसीची असतात. पीव्हीसी मूळचं कडक. त्याला मऊ करायला त्यात प्लॅस्टिसायझर घालतात आणि वर्षानुवर्षांत तो हळूहळू बाहेर झिरपतो. म्हणून पान चिकट होतं. त्यात पीव्हीसी स्वतःही कुजायला लागलं की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. नाण्यातल्या तांब्याशी त्याची गाठ पडली की तयार होतो तो हिरवा थर. चांदीच्या जुन्या नाण्यांतही थोडं तांबं मिसळलेलं असतं, त्यामुळे तीही सुटत नाहीत. वर आपली मुंबई! पावसाळ्यातली दमट हवा, पत्र्याखाली तापणारा माळा आणि अल्बमवर ठेवलेली ट्रंक. आजोबांनी नाणी जपायलाच ठेवली होती, पण जपणाऱ्या वस्तूनेच घात केला.

आणि ही नाणी साधीसुधी नाहीत हं. 1943 ते 47 मधला भोकाचा पैसा, 1 एप्रिल 1957 ला दशमान पद्धत आल्यावरचा नया पैसा, ॲल्युमिनियमचा चौकोनी एक पैसा, कमळाचा पिवळा वीस पैसा, गांधीजन्मशताब्दीचा 1969 चा चांदीचा दहा रुपयांचा बंदा... यातला चांदीचा दहा 15 ग्रॅमचा आणि 80 टक्के चांदीचा. वर्षाच्या आकड्याखाली बारीकसा हिरा दिसला तर समजा, नाणं आपल्याच फोर्टच्या टांकसाळीतलं. नसती दृष्ट लागेल असं कलेक्शन!

म्हणूनच पहिला नियम : बळी अल्बमचा द्यायचा, नाण्याचा नाही. काही करायच्या आधी मोबाइलवर प्रत्येक पानाचे फोटो काढा. कुठलं नाणं कुठल्या कप्प्यात होतं, आजोबांनी शाईने काय लिहिलं होतं, हे सगळं फोटोत यायला हवं. ती अक्षरं परत मिळणार नाहीत. मग छोटी कात्री घ्या आणि कप्प्याची शिवण नाण्यापासून लांबून कापत जा. तीन बाजू सुटल्या की प्लॅस्टिक सालीसारखं सोलून काढा. नाणं धरायचं ते कडेने, चेहऱ्यावर बोट नाही. हेअर ड्रायरचा मोह होईल, पण गरम झालं की हे प्लॅस्टिक आणखी मऊ आणि चिकट होतं.

काही घरांत दुसऱ्या जातीचा अल्बम निघतो, बहुधा अमेरिकेतल्या काकांनी पाठवलेला. जाड पुठ्ठ्याचं पान, त्यात गोल भोकं, भोकात नाणी आणि ओळीवरून सरकणारी पारदर्शक पट्टी. ही पट्टी जुनी झाली की आकसते, वाकते आणि अडकून बसते. तिला वरून अंगठ्याने दाबून ढकलू नका! पट्टी नाण्याच्या उंच भागावर घासते आणि तिथे बारीक समांतर ओरखडे उठतात. संग्राहक भिंगातून पहिल्यांदा हेच बघतो. त्यापेक्षा पट्टीच्या बाहेरच्या टोकाला चिकटपट्टी लावा, पान किंचित वाकवून पुठ्ठ्याची पकड सैल करा आणि पट्टी सरळ रेषेत, अगदी सावकाश बाहेर ओढा. नाहीच आली तर पुठ्ठा कापा. पट्टीला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती ॲसिटेटची आहे आणि ती सडायला लागलीय. तिच्या शेजारी नाणी एक दिवसही जास्त ठेवू नका.

आता हिरवा थर. चिंच, लिंबू, राख, पितळ घासायची पावडर, सगळं बाद. याने घाण जाते, पण त्याबरोबर धातूचा वरचा पापुद्राही जातो. चकाचक घासलेलं नाणं देव्हाऱ्यात शोभेल, संग्राहक मात्र पाठ फिरवेल. इथे चालतं ते शुद्ध ॲसिटोन. ते प्लॅस्टिसायझर विरघळवतं, धातूला हात लावत नाही. मरिन लाइन्सजवळ प्रिन्सेस स्ट्रीटच्या दवाबाजारात लॅबची केमिकल्स विकणाऱ्यांकडे विचारा. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुगंध असतात. काचेच्या वाटीत नाणं पाच-दहा मिनिटं बुडवायचं, वाटी हलकेच फिरवायची, मग दुसऱ्या वाटीतल्या ताज्या ॲसिटोनमध्ये एक डुबकी आणि हवेवर वाळवायचं. कपड्याने पुसायचं नाही. प्लॅस्टिकची वाटी तर अजिबात नको, ती विरघळू शकते.

एक गोष्ट जरा दरडावूनच सांगते. ॲसिटोन भयंकर पेट घेतं. एका खोलीच्या घरात गॅस आणि देव्हारा हाताच्या अंतरावर असतात. शेगडी बंद, निरांजन विझलेलं आणि खिडकी उघडी असल्याशिवाय बाटलीचं बूचही काढू नका. आणि जुन्या नोटा यात बुडवू नका, शाई जाईल.

थर गेल्यावर खाली खड्डे दिसले तर तिथे थांबायचं. आम्लाने खाल्लेला धातू परत येत नाही.

राहता राहिला प्रश्न किमतीचा. एका नाण्याला लाखो मिळतात असे व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर येत असतातच. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीरपणे सावध केलं होतं की तिच्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात फी, कमिशन किंवा कर मागणारे लोक फसवे आहेत. बँक असे व्यवहार करतच नाही. विकायची असतील तर दोन-तीन व्यापाऱ्यांना प्रत्यक्ष दाखवा. चोर बाजारात भाव कळेल, पण खरं-खोटं ओळखायला नजर तयार हवी. त्यासाठी फोर्टातलं रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम किंवा काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातली नाणी एका शनिवारी बघून या. आणि हो, 25 पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनात नाहीत, तेव्हा ती वाण्याकडे चालवायचा विचार सोडा.

नवीन अल्बम घेताना वास घ्या. जूनमध्ये नव्या रेनकोटला येतो तसा वास आला तर परत ठेवा. पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएस्टर किंवा मायलार लिहिलेली पानं चालतील. पुठ्ठ्याच्या चौकटीत नाणं स्टेपल करणार असाल तर पिनांची टोकं पक्कडीने दाबून सपाट करा, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडे पडतील. सिलिका जेलच्या दोन पुड्या सोबत टाका, आणि अल्बम आडवा नाही, पुस्तकासारखा उभा ठेवा. नव्या फ्लॅटला माळा नसतो, ही त्यातल्या त्यात बरी बातमी.